क्षमा आपल्या वाट्याची, हिशोब सगळ्यांचा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

वास्को सत्संग – गुरुवारचे चिंतन



आजचा विषय वरवर बघितला तर देवघरातला नाही. बाजारातला आहे, आणि तोही मोबाईलवरच्या बाजारातला. पण आपल्या परिवारात घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनी आता पुष्कळ झाल्यात. कुणी काजूगर विकते, कुणी पेडण्याहून हरमलची मिरची आणून पाकिटं करते, कुणी खाजें, कुणी साड्या, कुणी डिचोलीच्या कारागिरांकडच्या पितळी समया. माल कुरिअरने पुण्याला जातो, बेंगळुरूला जातो. सगळं छान चालतं, आणि मग एक दिवस माल परत येतो.

आपल्याच एका भगिनीने विचारलेला प्रश्न आहे. तिने एक पितळेची समई विकली, तीन हजार आठशे रुपयांची. गिऱ्हाइकाला मिळाली, आणि सहाव्या दिवशी निरोप आला, 'समई वाकडी आहे, पैसे परत हवेत.' तिने हो म्हटलं. परत आलेला डबा उघडला तर आत समई होतीच, पण तिची नव्हती. कुणाच्या तरी घरची जुनी, दांडा सैल झालेली. नवी ठेवून घेतली आणि जुनी पाठवून दिली. घरात दोन मतं पडली. मुलगा म्हणाला, 'त्याचं नाव, नंबर, फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकूया.' सासूबाई म्हणाल्या, 'जाऊ दे गो, देव बघून घेईल. आपण क्षमा करावी.' आणि ती बिचारी विचारते, 'मी भांडले तर माझी साधना बिघडेल का? आणि गप्प बसले तर ती क्षमा की भित्रेपणा?'

प्रश्न तीन हजार आठशेचा आहे असं समजू नका. असा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकावर येतो. कुणी फसवलं की मनात दोनच वाटा दिसतात, चावावं किंवा गिळावं. तिसरी वाट आहे का, ते आज बघूया.

सगळ्यात आधी: परत आलेला प्रत्येक माल म्हणजे फसवणूक नव्हे

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही असा त्यांचा निश्चय. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. नरहरींनी दिलेल्या मापाने केला. तो परत आला, बसत नाही म्हणून. दुरुस्त केला, पुन्हा परत आला. एकदा सैल, एकदा घट्ट. आता हा कारागीर नावाजलेला. त्याला सहज म्हणता आलं असतं की गिऱ्हाईकच खोटं बोलतंय. पण ते तसं म्हणाले नाहीत. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून का होईना, स्वतः माप घ्यायला गेले. आणि तिथेच त्यांना हरिहर एकच आहेत हे कळलं. जो माल परत आला त्यानेच त्यांना देवापर्यंत नेलं.

म्हणून पहिला नियम हा. कुणी परत पाठवतो म्हटलं की आधी आपलं माप तपासायचं. फोटोत रंग जास्त उजळ दिसत होता का? उंची लिहिली होती का? डाग होता तो सांगितला होता का? कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तिथे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी चालत नाही. आपली चूक असेल तर हसतमुखाने पैसे परत करावेत. त्यात उपकार नाही, तो धर्म आहे.

एका खोट्या गिऱ्हाइकाचा राग पुढच्या दहा खऱ्या गिऱ्हाइकांवर काढायचा, हे मात्र वड्याचं तेल वांग्यावर. एकदा फसलेला माणूस सगळ्यांकडे संशयाने बघायला लागला, तर फसवणाऱ्याने समईबरोबर त्याचा स्वभावही नेला म्हणायचं.

आता खरंच फसवलं असेल तर?

इथे बहुतेकांना तुकोबा आठवतात. महिपतीबुवा ताहराबादकरांनी अठराव्या शतकात संतचरित्रं लिहिली, त्यात ही कथा येते. तुकोबा मिरची घेऊन कोकणात विकायला गेले. म्हणजे आपल्याच बाजूला. गिऱ्हाइकांना म्हणाले, तुम्हीच मापून घ्या. लोकांनी काय केलं? हवी तेवढी मापून घेतली. माल संपला, पैसे कुणाकडून पुरे आले नाहीत. परत जाताना एका ठगाने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी त्यांना सोन्याची म्हणून विकली.

ही कथा सांगून आपण लगेच म्हणतो, 'बघा, तुकोबा गप्प बसले, आपणही गप्प बसावं.' पण कथा पूर्ण ऐका हो. कोकणातली ती बाकी कुणी वसूल केली? पांडुरंगाने स्वतः रूप घेऊन घरोघर जाऊन वसूल केली, असं कथा सांगते. म्हणजे देवाने 'जाऊ दे' म्हटलं नाही. भक्ताच्या घामाचा पैसा बुडावा हे देवालाही मान्य नव्हतं. तो आपला देवपणा बाजूला ठेवून वसुलीला उभा राहिला. मग आपण आपला न्याय्य पैसा शांतपणे मागितला, तर त्यात साधना बिघडेल कशी?

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बुडवण्याआधी काय केलं, ते आपण विसरतो. त्यांनी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खतं त्याला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. एवढं वैराग्य अंगात असताना त्यांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. याचा अर्थ नीट मनात ठेवा. आपण फक्त आपल्या वाट्याची क्षमा करू शकतो. दुसऱ्याच्या वाट्याची क्षमा करायचा अधिकार आपल्याला नाही.

आता त्या भगिनीच्या समईकडे बघा. ती समई तिची एकटीची नव्हती. स्वयंसहाय्य गटातल्या चौघींचे पैसे त्यात होते. डिचोलीच्या कारागिराचे निम्मे पैसे द्यायचे बाकी होते. 'जाऊ दे, मी क्षमा केली' असं तिने म्हटलं असतं, तर क्षमेचं पुण्य तिच्या नावावर आणि तोटा कारागिराच्या नावावर. हे कसलं पुण्य? दुसऱ्याच्या खिशातून दिलेलं ते दान. सासूबाईंचं मन मोठं, त्यांना नमस्कार. पण मोठ्या मनानेही आधी हिशोब बघायला हवा.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची यादी दिली आहे. त्यात क्षमा आहे, अक्रोध आहे. पण यादीत पहिलं नाव कशाचं? अभयाचं. हा क्रम उगाच नाही. ज्याला मागायची भीती वाटते, वाईट शेरा मिळेल म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याला क्षमा म्हणत नाहीत. आधी निर्भय व्हा. मागायची ताकद असताना सोडलं तर ती क्षमा. ताकदच नाही म्हणून सोडलं तर ती लाचारी, आणि तिला क्षमेची शाल पांघरली की आत राग कुजत राहतो. रात्री जप करताना समई डोळ्यांपुढे येते. येते की नाही, सांगा!

श्रीरामकृष्ण परमहंसांची सापाची गोष्ट आठवते ना? साधूने सापाला सांगितलं, कुणाला चावू नकोस. सापाने ऐकलं. पोरं त्याला दगड मारायला लागली, शेपटीला धरून आपटायला लागली, साप अर्धमेला झाला. साधू परत आला तेव्हा म्हणाला, अरे, चावू नकोस म्हटलं होतं, फुत्कारू नकोस असं कधी म्हटलं? हीच ती तिसरी वाट. विष ओतायचं नाही, पण फणा काढायची.

फणा काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

इथे एकनाथ महाराजांकडून शिकूया. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना नाथ हिशोबाचं काम बघत. एकदा एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्याखाली बसले, आणि पै सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, हीच देवाकडे लाव. आपण या कथेतलं शेवटचं वाक्य तेवढं घेतो. पण नाथांनी पैचा हिशोब आधी पूर्ण केला होता, हेही बघा. ज्याला हिशोबात आळस, त्याला जपातही आळस.

म्हणून विकणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, या गोष्टी नेमाने करा.

माल पाठवण्याआधी: वस्तूचे चारही बाजूंनी फोटो. तळाला किंवा आतल्या बाजूला एक छोटी खूण, आणि तिचाही फोटो. डबा बंद करताना सलग व्हिडिओ, त्यात वस्तू, खूण आणि पत्त्याची चिठ्ठी तिन्ही दिसली पाहिजेत. वजन करून वहीत लिहा आणि कुरिअरच्या पावतीवरचं वजन त्याच्याशी जुळवून घ्या. वस्तूत उणीव असेल तर ती विकण्याआधीच लिहून सांगा.

माल परत आला की: डबा कापण्याआधी बाहेरून फोटो, वजन, मग उघडतानाचा सलग व्हिडिओ. एकटीने उघडू नका, घरातलं कुणीतरी शेजारी असू दे. त्या भगिनीच्या कामी काय आलं? वजन. जाताना डबा 2 किलो 640 ग्रॅमचा होता, परत आला तो 1 किलो 900 ग्रॅमचा. माणूस खोटं बोलेल, तराजू बोलत नाही.

मग उत्तर: लगेच लिहू नका. स्नान करा, दिवा लावा, एक माळ करा, मग लिहा. रागात लिहिलेला निरोप समोरच्याच्या हातात पुरावा होऊन बसतो. बोलणं ज्या अ‍ॅपवर विक्री झाली त्याच्याच निरोपांत ठेवा, फोनवर नको. फोनवरचं उद्या दाखवता येत नाही. आणि लिहायचं ते असं:

'नमस्कार. आपण परत पाठवलेला डबा मिळाला. आतली समई मी पाठवलेली नाही. मी पाठवलेल्या समईच्या तळाला खूण आहे, वजन वेगळं आहे. फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. घाईत चुकून दुसरी आली असेल, तर मूळ समई आठ दिवसांत पाठवावी. मिळताच ठरल्याप्रमाणे पुढचं करते.'

यातला 'चुकून' हा शब्द बघा. आपल्याला माहीत आहे की ते चुकून नाही. तरी तो लिहायचा. का? समोरच्याला परत यायला एक दार उघडं राहावं म्हणून. चोर म्हटलं की माणूस चोरच राहतो, तो मागे फिरू शकत नाही. 'चुकून' म्हटलं की त्याची लाज राखली जाते. फणा आहे, विष नाही.

ऐकलं नाही तर: ज्या अ‍ॅपवर विकलं तिथे विकणाऱ्यांसाठी दावा करायची सोय असते. तिची मुदत थोडी असते, ती चुकवू नका. तिथे निबंध लिहू नका. तारीख, वजन, खूण, व्हिडिओ, एवढंच. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. ग्राहकाची तक्रार आली की 48 तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण, असं 2020 च्या नियमांत आहे. ते नियम ग्राहकासाठी लिहिलेले असले तरी आपलंही म्हणणं त्या अधिकाऱ्याकडे लेखी जाऊ दे. रक्कम मोठी असेल तर पोलिसांकडे जायला लाजू नका. फसवून माल काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे. आणि 'पैसे परत करतो, कोड स्कॅन करा, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर हात आखडा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

आणि हे मात्र करायचं नाही: त्या माणसाचं नाव, नंबर, घराचा पत्ता, फोटो ग्रुपांवर टाकायचा नाही. मुलाचा राग समजतो, तरुण रक्त आहे. पण त्या नंबरावर उद्या त्याची आई फोन उचलेल, त्याची शाळेत जाणारी मुलगी उचलेल. शंभर अनोळखी माणसं तिला शिव्या देतील. तीन हजार आठशेच्या बदल्यात ही शिक्षा देणारे आपण कोण? शिवाय कायद्याने आपणच अडचणीत येऊ शकतो. न्याय मागायचा तो ज्याला न्याय द्यायचा अधिकार आहे त्याच्याकडे. जमावाकडे नाही.

अडवणं हीसुद्धा दया आहे

2017 मध्ये दिल्ली पोलिसांनी 21 वर्षांच्या एका तरुणाला पकडलं होतं. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून महागडे फोन मागवायचे आणि 'डबा रिकामा आला' म्हणून पैसे परत घ्यायचे. दीडशेहून जास्त फोन, रक्कम 50 लाखांच्या घरात, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. आता विचार करा, एकविसाव्या वर्षी कुणी दीडशे फोनचा बेत करून बसतं का? पहिला फोन पचतो, मग दुसरा. प्रत्येक वेळी कुणी विचारलं नाही, की पुढची पायरी सोपी होते. पहिल्याच वेळी कुणी शांतपणे 'हा माझा माल नाही' म्हणून अडवलं असतं, तर कदाचित ते पोर तुरुंगाच्या दारापर्यंत गेलं नसतं.

म्हणून अडवणं म्हणजे सूड नव्हे. पोराने शेजारच्याच्या झाडाचे आंबे आणले तर आई कान धरून परत द्यायला लावते. तिला पोराचा राग आहे का? पोर बिघडू नये ही माया आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणताना मनात हा भाव ठेवून बघा. शब्द तेच राहतात, आतली जळजळ जाते.

मग सोडायचं कधी?

सगळं केल्यावर. पुरावा दिला, निरोप लिहिला, दावा केला, ज्यांचे पैसे त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यानंतर निकाल आपल्या हातात नाही. त्या भगिनीचा दावा अजून चालू आहे. पैसे मिळतील, कदाचित मिळणार नाहीत. पण तिने गटातल्या चौघींना वही दाखवली, आणि कारागिराचे पैसे नफ्यातून हप्त्याने द्यायचं ठरवलं. आता तिच्या वाट्याला जो तोटा येईल, तो ती खुशाल इंद्रायणीत सोडू शकते. तो तिचा आहे.

वहीत 'तोटा' म्हणून लिहा, खाली रेघ मारा आणि पान उलटा. शाप देऊ नका. त्या माणसासाठी एक माळ करा. पहिल्या दिवशी जमणार नाही. चौथ्या दिवशी जमेल.

आता थोडं आपल्याकडे वळूया

आतापर्यंत सगळ्यांनी मान डोलावली असेल. कारण आपण सगळे स्वतःला विकणाऱ्याच्या जागी बघत होतो. पण आपल्या परिवारात विकणारे थोडे, विकत घेणारे सगळेच. मग घरात बसून एकमेकांना विचारा. लग्नाला साडी नेसली, टॅग आत दुमडून ठेवला आणि चौथ्या दिवशी 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठवली, असं आपल्या घरात कधी झालंय का? मुलाने बूट एक मॅच खेळून परत केले का? चतुर्थीला दिव्यांची माळ मागवली आणि विसर्जनानंतर 'बिघडलेली आहे' म्हणून परत केली का? आणि तेव्हा आपण काय म्हणालो? 'एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो!'

फरक पडतो. त्या मोठ्या कंपनीच्या आड पुष्कळदा आपल्या भगिनीसारखीच कुणीतरी असते. परतीच्या कुरिअरचा खर्च पुष्कळदा तिच्याच पैशांतून कापला जातो. फोनवर तिचा चेहरा दिसत नाही, एवढंच.

आपल्या वास्कोला दामबाबाचा सप्ताह असतो तेव्हा स्वतंत्र पथावर फेरी भरते. दुकानांच्या रांगा लागतात, बाहेरगावचे विक्रेते येतात. तिथे कुणी एक भांडं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरचं जुनं भांडं नेऊन 'हे तुम्हीच दिलं' म्हणालं, असं होतं का? धाडस होत नाही. समोर माणूस उभा असतो, आणि मागे देवळात अखंड भजन चालू असतं. टाळांचा आवाज कानावर असताना खोटं तोंडातून निघत नाही. मोबाईलवर बटण दाबताना तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून आपण सैल होतो. पण सप्ताह संपला म्हणून देव देऊळ सोडून जातो का? बटण दाबतानाही तो बघतोच आहे.

मुलं हे सगळं बघत असतात, हेही लक्षात ठेवा. आई नेसलेली साडी परत पाठवते तेव्हा मुलगी शेजारी उभी असते. आपण तिला हरिपाठ शिकवतो आणि ती त्या दिवशी टॅग दुमडायला शिकते. दोन्हीतलं तिच्या लक्षात काय राहील, सांगता येत नाही.

या आठवड्याचा नेम

एक. जे घरी विक्री करतात त्यांनी एक वही घालावी. पहिल्या पानावर गुरुदेवांचं नाव, आणि पुढे प्रत्येक पाठवणीची तारीख, वजन, खूण.

दोन. जे विकत घेतात त्यांनी काहीही परत पाठवण्याआधी एक क्षण थांबून स्वतःला विचारावं, 'हेच कारण मी दुकानदाराच्या तोंडावर सांगितलं असतं का?' उत्तर 'नाही' आलं तर वस्तू ठेवून घ्यावी.

तीन. ज्यांनी कुणी आपल्याला फसवलं आहे, त्यातल्या एकाचं नाव मनात आणून रोज एक माळ. मागणं एवढंच, 'गुरुदेवा, त्याला सद्बुद्धी दे, आणि मला धीर दे.'

हे चिंतन घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. पण त्याआधी संध्याकाळच्या दिवेलागणीला घरात एकाने मोठ्याने वाचावं, आणि लहान-मोठ्या सगळ्यांनी ऐकावं.

सर्वांचं कल्याण होवो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏